स्ट्रॉन्शियम स्वतः चुंबकीय नाही, मग ते मिसळल्यावर मँगनीजचं ऑक्साइड चुंबक कसं होतं?

माझं गाव तुमसर तालुक्यात, चिखला–डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या पट्ट्यात. लहानपणी फुटक्या स्पीकरचं चुंबक घेऊन आम्ही तिथले काळे दगड तपासत फिरायचो. बहुतेक चिकटतच नसत. त्यामुळे हा प्रश्न माझाही जुना आहे.

लँथनम मँगनाइट घ्या, म्हणजे लँथनम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचं संयुग. त्यातला प्रत्येक मँगनीज म्हणजे छोटं चुंबकच. पण थंड केल्यावर एका थरातले सगळे एकीकडे तोंड करतात, तर वरच्या-खालच्या थरातले नेमके उलट. बेरीज शून्य.

आता लँथनमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवा. ते तीनऐवजी दोनच इलेक्ट्रॉन देतं. तूट मँगनीजवर पडते, म्हणजे काही मँगनीजकडे एक जागा रिकामी होते. शेजारचा इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनवरून तिथे यायला बघतो. इथे बैलजोडी आठवा. उजव्या अंगाला चालायची सवय असलेला बैल शेजाऱ्याने मागून नेला, तर त्याच्याकडेही उजवीच जागा रिकामी हवी. डावीकडे जुंपला तर अडून बसतो. इलेक्ट्रॉनचंही तेच. दोन्ही मँगनीज एकाच दिशेला असतील तरच ये-जा सोपी, आणि ये-जा झाली की ऊर्जा कमी होते. म्हणून सगळे एकीकडे वळतात. चुंबकत्व येतं, सोबत वीजही बरी वाहायला लागते. १९५० साली योंकर आणि व्हान सांतेन या संशोधकांनी हे दाखवलं. १९५१ साली झेनरने कारण मांडलं, त्याला दुहेरी विनिमय म्हणतात.

साधारण ३० टक्के लँथनम बदललं की चुंबकत्व ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत टिकतं. आमचा मे महिना त्याचं काही बिघडवू शकत नाही! निम्म्याच्या पुढे गेलात मात्र, तर उलटसुलट मांडणी परत येते.

जस्तही स्वतः चुंबकीय नाही, पण फेराइटमधल्या (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडमधल्या) जस्ताची गोष्ट वेगळी. तिथे अणूंचे दोन गट उलट दिशांना तोंड करून असतात; जस्त आलं की या रस्सीखेचीत हरणाऱ्या बाजूचाच गडी निघून जातो, म्हणून सुरुवातीला चुंबकत्व वाढतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर हे बनवायला लागणारं लँथनम ऑक्साइड आधी भट्टीत तापवून लगेच वजन करा. ते हवेतली ओल शोषतं. मी ऐन श्रावणात बाटली उघडी ठेवून वजन केलं होतं. लँथनम म्हणून मोजलं त्यात बरंचसं पाणीच होतं, आणि दोन आठवड्यांची मेहनत वाया गेली.