सहकारी डॉक्टरांचा आढावा उपयोगी ठरतो का?

प्रश्न : राजारामपुरी भागात आमचे शंभर खाटांचे धर्मादाय रुग्णालय आहे. दरमहा डॉक्टर एकत्र बसून सहकाऱ्यांनी हाताळलेल्या केसेस तपासतात. मात्र तरुण डॉक्टरांना ती चौकशी वाटते आणि ज्येष्ठांच्या केसेस पुढे येतच नाहीत. या पद्धतीचे मूल्यमापन कसे करावे?
– एक विश्वस्त, कोल्हापूर

उत्तर : वर्षभराची इतिवृत्ते काढा आणि प्रत्येक केससमोर लिहा, की या चर्चेमुळे रुग्णालयात काय बदलले. तो रकाना बहुतांशी कोराच राहिला, तर सभा नियमित होऊनही आढावा झालेला नाही.

मी एका समितीवर असताना, शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री दगावलेल्या रुग्णाबाबत सर्जनच्या निर्णयाचा तासभर कीस पाडला गेला. शेवटी इनचार्ज सिस्टरनी चार्ट पुढे सरकवला. रात्री दोनला नाडी १२८, तीनला १३६, दोन्ही नोंदी चोख होत्या. परंतु कितीच्या वर गेल्यावर डॉक्टरांना उठवायचे, हे कुठेच ठरलेले नव्हते. पुढच्या महिन्यात तो आकडा चार्टवरच छापला गेला. त्या सभेचे खरे फलित एवढेच, आणि ते फार मोलाचे होते.

केसेसची निवड कोणाच्या मर्जीवर नसावी. अनपेक्षित मृत्यू, पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया, ३० दिवसांत पुन्हा दाखल झालेला रुग्ण, असे निकष आधीच ठरवले म्हणजे ज्येष्ठांचे केस पेपर आपोआप टेबलावर येतात. शेवट वाईट झाला हे ठाऊक असले, की आधीचा प्रत्येक निर्णय चुकीचा भासू लागतो. म्हणून डॉक्टरांचे नाव आणि शेवट झाकून दोघांकडून स्वतंत्र लेखी मत घ्यावे. त्यांची मते वारंवार जुळत नसतील, तर दोष तपासणीच्या पद्धतीत शोधावा. कोल्हापुरात एकेका विषयाचे तज्ज्ञ मोजकेच, तेही बरेचदा एकमेकांचे गुरुशिष्य किंवा स्पर्धक असल्याने अवघड केसेस नावे काढून मिरज वा पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवणे मला अधिक न्याय्य वाटते.

बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब मांडताना १२३ चुका छापून जाहीर केल्या होत्या. तरुणांची भीती जाण्यासाठी वरिष्ठांनी असा आरंभ करणे आवश्यक असते. तेव्हा पुढच्या सभेत पहिली केस आपल्या सर्वांत ज्येष्ठ सर्जनची असावी आणि ती त्यांनी स्वतःच मांडावी, अशी विनंती विश्वस्त या नात्याने आपणच त्यांना करावी.