फोर्जिंग भट्टीचं सिरॅमिक फायबर लायनिंग गळतंय. कोटिंग मारून उपयोग होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत पाइपच्या गॅसवर चालणारी, बिलेट (फोर्जिंगचे लोखंडी ठोकळे) एकेक खेप करून तापवायची बॅच भट्टी आहे. आतून २ मीटर खोल, १.५ मीटर रुंद, १.२ मीटर उंच. सेटिंग १२०० अंश सेल्सिअस. लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, १२६० ग्रेडच्या मॉड्यूलचं (घडी घालून आवळलेल्या फायबरच्या ठोकळ्यांचं). सांधे उघडलेत, छताचे तुकडे बिलेटवर पडतात. सप्लायर म्हणतो, वरून कोटिंग (उष्णता सोसणारा लेप) मारा, आयुष्य दुप्पट होईल आणि गॅस २० टक्के वाचेल.

आहे त्या लायनिंगवर आत्ता कोटिंग मारू नका. १२६० हा आकडा वर्गीकरणाचा आहे, रोज चालवायच्या तापमानाचा नाही. हा ग्रेड सतत चालवायचा तर ११५० अंश ही वरची मर्यादा समजा. सिरॅमिक फायबर मुळात काचेसारखं असतं. साधारण ९५० अंशांच्या वर त्यात म्युलाइटचे स्फटिक धरू लागतात, आणखी वर आणि जास्त तास गेले की क्रिस्टोबॅलाइट (सिलिकाचं स्फटिक रूप) बनतं. धागा आक्रसतो आणि ठिसूळ होतो. शेकडा ३ आक्रसला तरी ३०० मिमीच्या एका मॉड्यूलमागे ९ मिमीची फट पडते. तुमचे उघडलेले सांधे यातूनच आलेत. धागा आतून स्फटिक होणं कोणतंही कोटिंग थांबवू शकत नाही, कारण कोटिंगच्या मागेही तापमान जवळपास तेवढंच असतं.

म्हणून छत आणि बर्नरसमोरची भिंत आधी झिर्कोनियावाल्या १४२५ ग्रेडमध्ये करून घ्या. मागचं फायबर आणि अँकर (मॉड्यूल धरून ठेवणारे धातूचे खिळे) शाबूत असतील तर पूर्ण मॉड्यूल काढायची गरज नाही. सैल थर खरवडून त्यावर १४२५ ग्रेडचं ५० मिमीचं व्हिनियर (वरून चिकटवायचं पातळ) मॉड्यूल मॉर्टरने चिकटवता येतं. अंगठ्याने दाबून पाहा. दाबल्यावर फायबर दबून परत वर येत असेल तर ते जिवंत आहे. कुरकुरीत पापुद्रा फुटून मागे पीठ निघत असेल तर तेवढा भाग काढून टाका. त्यावर कोटिंग मारणं म्हणजे पोपडे धरलेल्या भिंतीला रंग देणं.

आता कोटिंग खरोखर काय करतं ते. बर्नरच्या झोताने सुटणारे धागे ते धरून ठेवतं आणि उडणारा स्केल (तापलेल्या लोखंडावरची ऑक्साइडची खपली) थेट धाग्यावर बसू देत नाही. फोर्जिंगमध्ये हा दुसरा फायदा मोठा आहे. आयर्न ऑक्साइड आणि सिलिका मिळून फायालाइट हे संयुग होतं, ते १२०० अंशांच्या आसपासच वितळतं, आणि मग भिंतीच्या खालच्या भागात काळे-तपकिरी खड्डे पडतात. त्यामुळे तुमच्यासाठी कोटिंग जास्त अॅल्युमिनाचं हवं. नुसत्या सिलिकाचं भरण असलेलं स्वस्त कोटिंग घेतलंत तर स्केल त्याला खाऊन टाकेल. भट्टीचा तळ मात्र विटा किंवा कास्टेबलचाच (उष्णता सोसणाऱ्या ओतीव काँक्रीटचाच) ठेवा. ज्वाला थेट आपटते तिथेही कोटिंग टिकणार नाही. तिथे आधी बर्नरची दिशा दुरुस्त करावी लागेल.

कोटिंगमधला बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट घटक) कोणता, हे डब्यावर लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या. सोडियम सिलिकेट, म्हणजे वॉटर ग्लास, स्वस्त आणि चिकट असतं, पण त्यातला सोडा गरम फायबरला फ्लक्ससारखा वितळवतो. १२०० अंशांच्या भट्टीत ते नको. फॉस्फेटची पकड उत्तम, मात्र ३०० अंशांच्या वर भाजेपर्यंत ते हवेतली ओल ओढून घेतं. बडोद्याच्या पावसाळ्यात शनिवारी लावून सोमवारपर्यंत तसंच ठेवलंत तर पृष्ठभाग पुन्हा चिकट झालेला दिसेल. मी कोलॉइडल सिलिकावालं (पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म सिलिका कणांचा बाइंडर असलेलं) घेईन.

माल किती लागेल? तिन्ही भिंती, दरवाजा आणि छत मिळून ११.४ चौरस मीटर. २ मिमी ओला थर धरला तर फायबर शोषेल ते धरून चौरस मीटरला ४ ते ५ किलो, म्हणजे ६० किलो मागवा. २ मिमीच्या वर जाऊ नका. जाड थर मजबूत वाटतो, पण मागचं फायबर मऊ असल्यामुळे तो स्वतःच्या वजनाने आणि आक्रसण्याने मोठमोठ्या खपल्यांत सुटतो. छतावर तर दीड मिमीच पुरे.

नवं मॉड्यूल बसवल्या बसवल्या कोटिंग करू नका. आधी मॉड्यूल आवळून बांधलेल्या पट्ट्या कापून ती फुलू द्या, लाकडी फळीने ठोकून सांधे आवळा, मग भट्टी एकदा चालू तापमानापर्यंत नेऊन थंड करा. पहिलं आक्रसणं तेव्हाच होऊन जातं. जे सांधे उघडतील त्यांत त्याच ग्रेडचं ब्लँकेट (फायबरची गादी) दुमडून, दाबून ठासा. सांध्यात कोटिंगची लापशी भरू नका. ती कडक पाचरीसारखी बसते आणि पुढच्या हीटला (भट्टी तापवण्याच्या फेरीला) शेजारच्या मॉड्यूलची कड उचकटते. दरवाज्यात बोर्ड (फायबरचा कडक तक्ता) वापरलेला असेल तर त्यातला सेंद्रिय बाइंडर याच वेळी जळून जातो. न जळता कोटिंगखाली राहिला तर त्याचा धूर थराला फोड आणतो.

मग पृष्ठभाग व्हॅक्यूमने साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, धूळ सगळ्या शेडमध्ये जाते. ३० टक्क्यांच्या कोलॉइडल सिलिकात तेवढंच पाणी घालून चौरस मीटरला साधारण एक लिटर फवारा. तुम्हाला एकूण १२ लिटर मिश्रण लागेल. ते ६ ते १० मिमी आत मुरलं पाहिजे, ओघळता कामा नये. पृष्ठभाग ओलसर असतानाच कोटिंगचा पहिला हात थोडा पातळ करून ब्रशने घासून भरा, म्हणजे तो धाग्यांत रुतेल. दुसरा हात हॉपर गनने (दाट लेप फवारायच्या बंदुकीने) किंवा थापीने. ओल्या थरावर मॉड्यूलच्या प्रत्येक सांध्यावरून थापीच्या टोकाने रेघ ओढा. थर कुठेतरी तडकणारच असतो, तो या रेघेवर तडकला तर खपली पडत नाही. केसासारख्या तडा पुढे दिसल्या तर त्यांची काळजी करू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वाळवण्यात. दरवाजा आणि डॅम्पर (धुराड्याची झडप) उघडे ठेवून २४ तास हवेवर वाळू द्या, पावसाळ्यात ४८, आणि शक्य असेल तर पंखा लावा. नंतर पायलटवर (बर्नर पेटवायच्या छोट्या ज्योतीवर) किंवा छोट्या बर्नरवर ११० ते १२० अंशांवर ६ तास. पुढे ताशी ५० अंशांनी ३०० पर्यंत, तिथे २ तास, मग ताशी १०० अंशांनी वर. घाईने तापवलं तर दोन गोष्टी होतात: आत अडकलेली वाफ थर उडवते, आणि पाण्याबरोबर बाइंडर पृष्ठभागाकडे ओढला जाऊन वर कडक साल आणि तिच्यामागे सुटं फायबर उरतं.

थर पडलाच तर पडलेली खपली उलटी करून पाहा. मागे सगळीकडे फायबर चिकटलेलं असेल तर पकड ठीक होती. म्हणजे फायबरच कमजोर होतं किंवा थर जाड झाला. मागची बाजू गुळगुळीत असेल तर धूळ राहिली होती किंवा पहिला हात कोरड्यावर मारला गेला.

गॅसच्या २० टक्के बचतीवर मी पैसे लावणार नाही. धूर ११०० अंशांवर बाहेर जात असेल तर गॅसची निम्म्याहून थोडी जास्त उष्णता धुराड्यातूनच जाते. जास्त उत्सर्जकतेचं (उष्णता जास्त विकिरित करणारं) कोटिंग मालाकडे उष्णता थोडी चांगली परतवतं, पण बचत एक आकडीच धरा. त्यापेक्षा जास्त दिसली तर ती बहुतेक सांधे आणि दरवाज्याची सील दुरुस्त केल्याची असते. मोजायचं तर तोच बिलेट, तेवढंच वजन घेऊन दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर दर टनाला किती घनमीटर गॅस लागला ते लिहून ठेवा.

जुनं लायनिंग काढताना पाणी फवारून ओलं करूनच काढा. वापरलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबॅलाइट असतं, ते फुप्फुसाला कायमचं बाधतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. कमीत कमी एन-९५ आणि काढण्याच्या कामाला पी-१०० कार्ट्रिजचा मास्क द्या. कामगारांचे कपडे घरी धुवायला जाऊ देऊ नका, भंगार ओलं असतानाच पिशव्यांत बांधा.

ऑर्डर देण्याआधी सप्लायरकडून दोन किलो नमुना मागा. नव्या १४२५ ग्रेडच्या एका मॉड्यूलवर वरच्याच पद्धतीने लावा, भट्टीत कोपऱ्यात ठेवून आठ-दहा हीट जाऊ द्या, आणि सुरीने कापून बघा. कड सुटली नसेल आणि थराखालचं फायबर दाबल्यावर परत येत असेल, तरच बाकीचा माल घ्या.