पूर्व विदर्भात तळ्याकाठची छोटी, शांत गावं पाहायला कुठे जावं?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून वडिलांना घेऊन चार-पाच दिवस निघायचंय, बॅकवॉटरचे रिसॉर्ट नकोत, गर्दी नको, तळ्याकाठचं साधं शेतीचं गाव हवं. तर विदर्भात असं काही आहे का, की तिकडे नुसते वाघच?

आहे. भंडारा आणि गोंदिया हे दोन जिल्हे, आणि थोडं खाली सरकलात तर चंद्रपूरचा नागभीडकडचा भाग. आम्ही या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतो. माझं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. नोकरीमुळे नागपुरात राहतो, पण तांदूळ अजून घरचाच खातो. तेव्हा उत्तरात थोडा पक्षपात असणार, तो धरून चाला.

पहिली गोष्ट म्हणजे इकडे 'तळं' म्हणून विचारलंत तर लोक तोंडाकडे बघतील. मोठा असेल तर तलाव, शेतातला छोटा असेल तर बोडी. आणि यातलं जवळजवळ काहीच निसर्गाने आयतं दिलेलं नाही. दोन टेकड्यांमधली किंवा उतारावरची जागा हेरून मातीची पाळ घातली, वरच्या जंगलातलं पाणी अडवलं आणि खाली धान (म्हणजे भात) पिकवलं, असे हे तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी त्यातले बरेच बांधले. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात गेले, १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून आजही कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि बोलताना त्याचा 'मामा तलाव' होतो. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत.

तुमच्या वडिलांना प्रश्न पडेल की जिथे वर्षाला १२००-१३०० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे इतके तलाव कशाला? पाऊस येतो तो जून ते सप्टेंबर. हलकं, म्हणजे लवकर येणारं धान तेवढ्यावर निघतं. पण भारी, म्हणजे उशिरा येणारं धान निसवायला लागतं तेव्हा नेमका पाऊस पाठ फिरवतो. तेव्हा एक पाणी मिळालं तर घरात धान, नाही तर नुसती तणस, म्हणजे पेंढा. त्या एका पाण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

म्हणून माझा सल्ला जरा उलटा वाटेल. लोक पाळीवर चढतात, पाण्याकडे तोंड करून फोटो काढतात आणि 'आता पुढे काय?' म्हणून गाडीत बसतात. तुम्ही पाण्याकडे पाठ करून उभ्या राहा. पाळीच्या खालच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या बांध्या दिसतील. बांधी म्हणजे धानाचा तुकडा आणि दोन बांध्यांमधला बांध म्हणजे धुरा. धुऱ्यावर तुरीची ओळ असते, कुठे पोपटाचा वेल (तुमच्याकडे ज्याला वाल म्हणतात तो). पाटाने आलेलं पाणी पहिल्या बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं वाहत जातं. आपली बांधी भरल्याशिवाय खालच्याची भरत नाही, त्यामुळे गावातली निम्मी भांडणं आणि निम्म्या सोयरिकी या धुऱ्यांवरच ठरत असाव्यात असं मला लहानपणी वाटायचं. जुन्या तलावांवर पाणी सोडायची दगडी सोय अजून दिसते, तिला तुडुम म्हणतात, आणि जास्तीचं पाणी निघून जायची वाट म्हणजे सलंग. गावात एखाद्या म्हाताऱ्याला "तुमच्या तलावाचा तुडुम कुठं आहे?" एवढं विचारा. तो स्वतः दाखवायला येईल, आणि मग तुमची सकाळ गेलीच म्हणून समजा.

आता मुक्काम. पाच दिवसांत पाच ठिकाणं करू नका. नवेगावबांधला निदान तीन रात्री राहा. नवेगावचा तलाव या सगळ्यांतला मोठा, सुमारे ११ चौरस किलोमीटरचा. भोवती टेकड्या आहेत, त्यांना सात बहिणी म्हणतात, आणि आत मालडोंगरी नावाचं बेट आहे. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात आणि लोक त्यांना कोलासूर देव म्हणून मानतातही. तलाव बांधणाऱ्याचा देव झाला, हे तुमच्या वडिलांना नक्की आवडेल. जंगल लागूनच आहे. १९७५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेलं. सफारी करायची तर करा, पण वाघ दिसेल या आशेवर येऊ नका. त्यासाठी ताडोबा आहे, आणि तिथे गर्दीही आहे.

राहायची सोय साधी आहे. तलावाकाठी पर्यटनाची निवासस्थानं आहेत, गावात लॉज आहेत. आधी फोन करून जा. मी एकदा पाहुण्यांसाठी एका ठिकाणी खोल्या सांगून ठेवल्या होत्या. रात्री आठला पोचलो तर चावी असलेला माणूस मंडईला, म्हणजे गावच्या मेळ्याला गेलेला. दीड तास ओट्यावर बसलो. पाहुणे वैतागले होते, पण समोर चांदण्यात तलाव होता, म्हणून माझी इज्जत थोडी तरी राहिली. जेवणाचंही तसंच आहे, संध्याकाळीच सांगून ठेवावं लागतं. आठनंतर गावात चहासुद्धा मिळेलच असं नाही.

पहाटे मात्र उठा. ढीवर, म्हणजे इकडचे मासेमार लोक रात्री टाकलेली जाळी काढायला डोंग्यातून जातात, कुणी नुसत्या ट्यूबवर बसून जातात. बहुतेक तलावांची मासेमारी त्यांच्या सहकारी संस्थांकडे असते. उजाडता उजाडता काठावर मासळी येते आणि तिथेच तराजू लागतो. रोहू, कतला हे सोडलेले मासे असतातच, पण मरळ किंवा शिंगी आली असेल तर ती कुणीतरी आधीच सांगून ठेवलेली असते. तुम्ही पुण्याच्या आहात हे कळलं की भाव थोडा वाढेल, तेवढं चालवून घ्या. त्यांच्याशी बोललात तर एक तक्रार हमखास ऐकाल, बेशरमची. तीच ती गुलाबी-जांभळ्या फुलांची, कुठेही उगवणारी वनस्पती. ती तलावात पसरली की देशी माशांना लागणारं पाण्यातलं गवत मरतं आणि मासे कमी होतात. आमच्याच तालुक्यात काही गावांतल्या ढीवर बायांनी आणि पुरुषांनी मिळून बेशरम उपटली, तलाव नांगरून त्यात पाणवनस्पती परत लावल्या. पाण्यातही लावणी करावी लागते, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. दुसरीकडे काही तलावांचं जे 'सौंदर्यीकरण' चाललंय, म्हणजे पाळीवर फरशी, रंगीत दिवे आणि सिमेंटचे बगळे, त्यावर न बोललेलं बरं. खरे बगळे शेजारीच उभे असतात.

पक्षी पाहायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी. पट्टकादंब, लालसरी, तलवार बदक ही मंडळी तेव्हा आलेली असतात. नकटा, अडई आणि कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी तर घरचेच. सारस पाहायचा असेल तर गोंदिया शहराच्या बाजूच्या तलावांकडे जावं लागेल, परसवाड्याकडे वगैरे. महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ याच जिल्ह्यात, आणि तोही मोजकाच. तो घरटं करतो धानाच्या बांधीत, आणि शेतकरी तेवढा तुकडा सोडून कापणी करतात. घरट्याजवळ जाऊ नका, ड्रोन तर आणूच नका. लांबून जोडी दिसली तरी पुष्कळ.

मग एक दिवस अर्जुनी मोरगावकडे काढा. सावध राहा, आमच्या जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. सडक अर्जुनी महामार्गाजवळ आणि अर्जुनी मोरगाव आत, रेल्वेमार्गावर. नवेगावं तर विचारूच नका. नकाशात नुसतं 'नवेगाव' टाकून माझा एक मित्र पेंचकडच्या नवेगाव खैरीला पोचला होता. तिथेही धरण आहे, त्यामुळे त्याला बराच वेळ कळलंच नाही. अर्जुनीच्या आसपास सिरेगावबांधसारखी गावं आहेत, जिथे बघण्यासारखं 'काही नाही' असं गावकरीच सांगतील. तिथेच थांबा. पुढे गोठणगावजवळ इटियाडोह धरण आहे, आणि जवळच तिबेटी लोकांची वसाहत, नॉर्ग्येलिंग. धानाच्या बांध्यांच्या मधोमध प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसतात. हे लोक सत्तरच्या दशकापासून इथे आहेत, धान पिकवतात आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला गावोगाव जातात. तिथली मुलं आपल्याशी झाडीच्या ढंगातली मराठी बोलतात, "कोठं जाऊन राहिले भाऊ?" वडिलांना तिथला मठ दाखवा, पण ते लोकांचं राहतं गाव आहे हे लक्षात ठेवून.

वेळ उरला तर दोन वाटा आहेत. एक लाखांदूरवरून पवनीची. वैनगंगेकाठचं जुनं गाव, किल्ल्याचा दरवाजा, बालसमुद्र नावाचा तलाव, आणि १९६९-७० च्या उत्खननात सापडलेल्या बौद्ध स्तूपांच्या जागा. दुसरी वडसा (देसाईगंज)-नागभीडची. तिथे घोडाझरीचा इंग्रजांच्या काळातला तलाव आहे. नागभीड तालुक्यातल्याच नांदेड गावात दादाजी खोब्रागडे राहत. थोड्याशा जमिनीत निवड करत करत त्यांनी धानाचं जे वाण काढलं, ते तुम्ही पुण्यातही खाल्लं असेल: एचएमटी. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, तेच नाव तांदळाला चिकटलं. ते २०१८ मध्ये गेले. मी या दोन वाटांतली दुसरी निवडीन, पण वडिलांना इतिहासाची आवड असेल तर पवनी.

कधी यायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. जुलैत रोवणी, म्हणजे धानाची लावणी असते. चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगा, गाणी, हिरवे पऱ्हे (धानाची रोपं), सगळं सुंदर. पण पाऊस, डास आणि बंद असलेलं जंगल यांची तयारी हवी. मे महिन्यात येऊ नका. ४५ अंशाला आम्हीच घराबाहेर पडत नाही आणि लहान तलावांत तेव्हा गुरं चरतात. माझं मत विचाराल तर दिवाळीनंतरचे तीन आठवडे. तलावात पाणी असतं, हलकं धान कापून झालेलं असतं, शेतात पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) रचलेले असतात आणि ओल्या बांध्यांत लाखोळी (लाखेची डाळ) उगवायला लागलेली असते. बाजारात उकडलेले शिंगाडे येतात, काळ्या सालीचे, बोटं रंगवणारे. कमळाचे ढेस (देठ) मिळाले तर भाजी करायला सांगा. आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई सुरू होते.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. तो गावाचा वार्षिक मेळा. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार (इकडचं लोकनाट्य), घरोघरी पाहुणे, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीची नाटकं रात्री दहाच्या पुढे सुरू होतात आणि उजाडेपर्यंत चालतात. कंपन्यांची कार्यालयं वडशात आहेत, तिथल्या रस्त्यावर नाटकांच्या पाट्यांची रांगच दिसेल. तिकीट काढून, शाल पांघरून, जमिनीवर बसून हजारभर लोक रडतात आणि हसतात. पुण्याच्या नाट्यगृहाची सवय असेल तर पहिला अर्धा तास आवाज फार वाटेल. मग वाटत नाही. वडिलांना पूर्ण रात्र जमणार नाही, मध्यंतरानंतर उठलात तरी कुणी काही म्हणत नाही.

पोचायचं कसं: पुण्याहून रेल्वेने नागपूर किंवा गोंदिया. नागपूरहून गाडी केली तर भंडारा, साकोली, कोहमारा आणि तिथून उजवीकडे नवेगावबांध, साधारण १४० किलोमीटर. गोंदियाहून बल्लारशाच्या पॅसेंजरने आलात तर देवलगाव स्टेशनवर उतरायचं, तिथून गाव अगदी जवळ. वडील सोबत असल्याने मी गाडीच सांगेन, पण एकदा तरी ती पॅसेंजर पकडा, सौंदड ते अर्जुनी एवढी जरी केली तरी. जंगल, तलाव, धान, पुन्हा तलाव. रोख पैसे जवळ ठेवा, वडिलांची औषधं पुरेशी आणा, आणि पाळीवर संध्याकाळनंतर फिरायचं तर टॉर्च न्या, साप असतात.

परत जाताना चिन्नोर तांदूळ घ्या. दुकानातून नको, ज्याच्या ओसरीवर चहा प्यालात त्यालाच विचारा. महिना नक्की झाला की इथेच लिहा. दिवाळीनंतरचा असेल तर कोणत्या गावची मंडई कधी आहे ते घरी विचारून सांगतो.