मॅडिसनच्या आर्बोरेटममधला प्रेरी वॉक आईबाबांना घेऊन करण्यासारखा आहे का?

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये आईबाबा येतायत, तर विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या आर्बोरेटममधला (झाडाझुडपांच्या अभ्यासासाठी राखलेल्या बागेतला) गाइडेड वॉक करावा का, कारण फोटोत तर नुसतं गवतच दिसतंय. गवतच आहे हो! पण जा, आणि गाइडबरोबरच जा, एकटे गेलात तर अर्ध्या तासात बाबा म्हणतील चला, गाडी काढा.

तिथली कर्टिस प्रेरी, म्हणजे उंच गवताचं माळरान, बघून वाटतं हे असंच आपोआप उगवलेलं असणार, पण ती चक्क लावलेली आहे. आधी तिथे शेती होती, घोडे चरायचे. 1934 ला आर्बोरेटम सुरू झालं आणि पुढच्या वर्षी महामंदीतल्या बेकार पोरांचा सरकारी कॅम्प तिथे बसला, त्या पोरांनी प्रेरीची रोपं नि माती दुसरीकडून आणून हाताने लावली, निसर्ग-अभ्यासक आल्डो लिओपोल्डसारखी मंडळी त्यामागे होती. तुटलेली प्रेरी परत उभी करायच्या प्रयोगांत ही जगातली सगळ्यात जुनी मानतात. नुसतं लावून मात्र भागेना, झुडपं घुसायला लागली, मग 1940 च्या दशकात मुद्दाम आग लावून बघितली आणि ती लागू पडली. प्रेरीच्या गवताचा जीव जमिनीखाली असतो, वरचं जळलं तरी ते पुन्हा फुटतं, झुडपांना ते झेपत नाही. इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक अशी आग आधीपासून लावतच होते, त्यांचीच जमीन ही. माझ्या आईला हे ऐकून पहिलं आठवलं ते कोकणातलं राब भाजणं, तेव्हा तिला सांगावं लागलं की तिथे पेरणीसाठी भाजतात, इथे झुडपं हटवायला. आपल्याकडे वणवा म्हटलं की पोटात गोळा येतो त्यामुळे पटायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की आईबाबाच प्रश्न विचारत सुटतात.

ऑगस्टमध्ये बिग ब्लूस्टेम गवत माणसाच्या डोक्यावर जातं, तुऱ्याला टर्की पक्ष्याच्या पायासारखे तीन फाटे असतात म्हणून त्याला टर्कीफूट म्हणतात. कंपास प्लांट नक्की दाखवायला सांगा, खालची मोठी कातरलेली पानं कडेवर उभी राहतात आणि टोकं साधारण उत्तर-दक्षिण, म्हणजे दुपारचं ऊन अंगावर घ्यायला नको! देठातून चीक येतो, तो वाळला की पूर्वी लोक च्युइंगगमसारखा चघळायचे. शेजारच्या प्रेरी डॉक नावाच्या रोपाच्या पानाला हात लावा, भर उन्हातही गार लागतं.

ओकचा भाग मला स्वतःला जास्त आवडतो. बर ओकची साल जाड, बुचासारखी, त्यामुळे आगीत तो टिकतो आणि बाकीचे जातात, म्हणून मोकळ्या गवतात लांब लांब उभे पसरलेले ओक. असं सव्हाना मिडवेस्टमध्ये मूळच्या हजारात एक हिस्साही उरलेलं नाही. तिथे पक्षी बरे दिसतात, टर्की तर रस्त्यातच आडव्या येतात.

बेल्टलाइन हायवे अगदी कडेला आहे, गाड्यांचा आवाज येत राहतो, त्याला इलाज नाही. साधे पब्लिक वॉक फुकट असतात, तारखा साइटवर बघा. फुल पँट घाला, पायमोज्यात खोचा, घरी आल्यावर गोचीड चिकटलीय का ते सगळ्यांचं नीट तपासा, लाइम नावाचा आजार होतो त्याने. आईचे गुडघे दुखत असतील तर आधीच गाइडला सांगा, पायवाट कच्ची आहे. आणि कुत्रा असेल तर घरीच ठेवा, आत सोडत नाहीत.