भाता, गोधा आणि हातपट्टा

पारंपरिक तिरंदाजीचा सराव करणाऱ्या आणि त्यासाठी लागणाऱ्या कातडी वस्तू स्वतःच्या हाताने शिवणाऱ्या पुण्यातील एका तरुणीचा प्रश्न आहे. आपल्या वस्तूंच्या माहितीपत्रकात बाण ठेवण्याच्या पिशवीला त्यांनी ‘शरकोश’ म्हटले आहे, डाव्या हातावर बांधायच्या कातड्याला ‘बाहुरक्षक’ आणि दोरी ओढताना बोटांवर घ्यायच्या तुकड्याला ‘अंगुलीरक्षक’. हे शब्द मराठीत चालतील का, की सरळ क्विव्हर, आर्मगार्ड आणि फिंगर टॅब असेच छापावे, असे त्या विचारतात. धनुष्याच्या दोरीला ‘प्रत्यंचा’ म्हणणे योग्य आहे का, अशी आणखी एक शंका त्यांनी पत्राच्या शेवटी जोडली आहे.

माझे मत आधी सांगतो. वस्तू शिवणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला जो शब्द उच्चारता येईल आणि ऐकताच कळेल, तो आधी घ्यावा. तसा शब्द नसेल तेव्हाच संस्कृतकडे वळावे, आणि तेथेही नवा शब्द घडवण्यापूर्वी जुना शिल्लक आहे का ते पाहावे. या कसोटीवर तिन्ही शब्द बदलावेत असे मला वाटते, पण प्रत्येकाचे कारण वेगळे आहे.

‘शरकोश’ तर अगदीच अनावश्यक आहे, कारण मराठीत ‘भाता’ हा शब्द आजही धडधाकट आहे. क्रिकेटच्या वार्तांकनात फलंदाजाच्या भात्यातले फटके असतात, राजकारणाच्या बातम्यांत एखाद्या नेत्याच्या भात्यातले बाण संपलेले असतात, आणि हे वाचताना कोणालाही अडखळायला होत नाही. जो शब्द लाक्षणिक अर्थाने रोज छापला जातो, तो मूळ वस्तूसाठी वापरण्यास आपण का बिचकावे, हे मला समजत नाही. हिंदी पौराणिक मालिकांमुळे अलीकडे ‘तरकस’ही कानावर पडू लागला आहे, तो फारसीतून हिंदीत आलेला आहे आणि भाता हाताशी असताना त्याची आपल्याला गरज नाही.

या शब्दाकडे थोडे निरखून पाहावे, कारण प्रश्नकर्त्या स्वतः कातड्याचे काम करतात आणि हा शब्दच मुळात कातड्याचा आहे. लोहाराचा भाता, पेटीचा भाता आणि बाणांचा भाता हे तीन निरनिराळे शब्द नाहीत. संस्कृत ‘भस्त्रा’ म्हणजे कातड्याची पिशवी. तिच्यात वारा भरून तो विस्तवावर सोडला की ती लोहाराची भस्त्रा झाली, आणि योगासनांच्या वर्गात शिकवतात त्या भस्त्रिका प्राणायामाचे नावही तिच्यावरूनच पडले. त्याच पिशवीत बाण ठेवले की ती धनुर्धराची झाली. ‘हस्त’चा जसा ‘हात’ झाला त्याच वाटेने ‘भस्त्रा’चा ‘भाता’ झाला. जुन्या हिंदी काव्यात बाणांच्या पिशवीला ‘भाथा’ म्हटलेले आढळते. हिंदी ‘हाथ’ आणि मराठी ‘हात’ यांच्याशेजारी ‘भाथा’ आणि ‘भाता’ ठेवून पाहिले की दोन्ही जोड्या एकाच घरातल्या असल्याचे चटकन ध्यानात येते. तेव्हा कातडे कापून, दुमडून, टाके घालून बाणांची पिशवी तयार करणाऱ्या व्यक्तीने तिला भाता म्हणणे, यापेक्षा नेमके नाव मिळणे कठीण आहे. शोभेसाठी संस्कृत शब्द हवाच असेल, तर रामरक्षा म्हणणाऱ्या प्रत्येक घरात दोन शब्द आधीच आहेत: ‘सासितूणधनुर्बाणपाणिम्’ मधला ‘तूण’ आणि ‘अक्षयाशुगनिषंगसंगिनौ’ मधला ‘निषंग’. लहानपणी आपण हे चरण अर्थ न कळता घोकतो. ‘आशुग’ म्हणजे वेगाने जाणारा, अर्थात बाण. आणि ज्यातले बाण कधी संपत नाहीत असे भाते जवळ असलेले राम-लक्ष्मण माझ्या वाटेत पुढे चालोत, अशी ती प्रार्थना आहे.

खरी अडचण दुसऱ्या वस्तूच्या नावाची आहे. सुटलेली दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागावर फटका मारते आणि तेथे हिरवानिळा वळ उठतो. गंमत अशी, की शरीराच्या या भागाला रोजच्या मराठीत एका शब्दाचे नाव नाही. खांदा आहे, दंड आहे, कोपर आहे, मनगट आहे, पण कोपराच्या पुढे आणि मनगटाच्या अलीकडे आपण नुसता ‘हात’ म्हणतो. संस्कृतात त्याला ‘प्रकोष्ठ’ म्हणतात, मात्र तो शब्द बोलण्यात नाही. म्हणूनच ‘बाहुरक्षक’ मला फसवा वाटतो: बाहू म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दंडाची बाजू आधी येते, जेथे बाजूबंद बांधतात, आणि तेथे तर दोरी कधी लागतच नाही.

संस्कृतात या वस्तूला फार जुनी नावे आहेत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तरावे सूक्त युद्धसाहित्याची एकेक करून स्तुती करते. त्यात चिलखत आहे, धनुष्य आहे, ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी आहे, भाता आहे आणि ‘हस्तघ्न’ही आहे. साप जसा वेटोळ्यांनी वेढतो तसा हा हाताला वेढून ज्येचा आघात दूर ठेवतो, असे त्याचे वर्णन आहे, आणि या एका उपमेवरून तो आजच्यासारखा सपाट तुकडा नसून हातावर गुंडाळायची पट्टी असावी असा अंदाज बांधता येतो. शब्द सुंदर आहे, पण तो परत आणावा असे मी म्हणणार नाही. कृतघ्न आणि शत्रुघ्न या शब्दांची सवय झालेल्या आजच्या कानाला ‘हस्तघ्न’ म्हणजे हाताचा घात करणारी वस्तू वाटेल.

दुसरे नाव ‘गोधा’. अमरकोशात क्षत्रियवर्गात ‘गोधातले ज्याघातवारणे’ असे स्पष्ट दिले आहे: गोधा आणि तल ही दोन्ही ज्येचा आघात निवारणाऱ्या वस्तूची नावे. आता गोधा म्हणजे घोरपडही होय, आणि येथे एका प्रसिद्ध समासाचा अर्थ लावताना वाटा फुटतात. विश्वामित्राबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांना रामायणात ‘बद्धगोधांगुलित्राणौ’ असे विशेषण आहे. काही जण त्याचा अर्थ ‘घोरपडीच्या कातड्याची अंगुलित्राणे बांधलेले’ असा करतात, तर काही जण ‘गोधा आणि अंगुलित्राण या दोन्ही वस्तू बांधलेले’ असा. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. एक तर अमरकोशाने गोधेला स्वतंत्र वस्तू मानले आहे. आणि दुसरे म्हणजे धनुष्य हाती घेतलेल्या माणसाला दोन्ही हातांचे संरक्षण हवे असते, एका हाताला दोरीच्या फटक्यापासून आणि दुसऱ्याच्या बोटांना दोरीच्या ओढीपासून. केवळ बोटे झाकून हात उघडा ठेवणारा धनुर्धर कवीने रंगवला असेल, असे वाटत नाही. वस्तूला प्राण्याचे नाव मिळाले ते तिच्या कातड्यावरून, हे मात्र सहज संभवते. घोरपडीचे कातडे चिवट असते हे खरे, परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घोरपड संरक्षित प्राणी आहे, आणि म्हशीच्या कातड्यापासून बनवलेल्या वस्तूला माहितीपत्रकात ‘गोधा’ म्हटले तर जाणकार ग्राहक भलताच प्रश्न विचारील.

ही वस्तू नसली तर काय होते, ते महाभारतातील अर्जुन सांगतो. अज्ञातवासात बृहन्नडेचे रूप घेताना त्याला सर्वांत मोठी काळजी वाटते ती दोन्ही हातांवरच्या ज्येच्या घट्ट्यांची. ते लपवणे अवघड आहे, म्हणून मी हातांत वलये घालून ते झाकीन, असे तो म्हणतो. घट्ट्यासाठी तेथे ‘किण’ हा शब्द आहे. दोन्ही हातांवर घट्टे आहेत, कारण तो सव्यसाची आहे, डाव्या हातानेही दोरी ओढतो. ज्याला आपल्या तालमीच्या खुणा बांगड्यांखाली दडवाव्या लागतात, त्याच्या मनाची कल्पना दोरीचा फटका खाल्लेल्या माणसाला अधिक येईल.

मग म्हणावे काय? याचे उत्तर मला कोशात नाही, दुकानात मिळाले. प्रश्नकर्त्यांनी नमुन्यादाखल पाठवलेला तो पट्टा घेऊन मी आमच्या पेठेतल्या, चपला शिवणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. त्यांनी तो उजेडाकडे धरून उलटसुलट केला. बाहेरच्या गुळगुळीत बाजूवर दोरी घासून एक तिरकी, फिकट रेघ उमटली होती. कडा घासून गोल केलेल्या होत्या, रापीने तासून कातडे टोकांकडे पातळ केलेले होते, आणि बांधण्यासाठी आरीने पाडलेल्या भोकांतून वादी ओवलेली होती. ‘गुळगुळीत बाजू बाहेर ठेवलीय हे बरं केलं, नाहीतर दोरी अडकली असती,’ ते म्हणाले, आणि पाठोपाठ विचारले, ‘हाताचा पट्टा का हा?’ त्यांना मी काहीही सांगितले नव्हते. कमरेचा पट्टा, चपलेचा पट्टा, तसा हाताचा पट्टा. मी ‘हातपट्टा’ सुचवतो तो येथून. मात्र तो नेहमी पूर्ण लिहावा, नुसता ‘पट्टा’ लिहू नये. शिवकालीन शस्त्रांच्या आणि मर्दानी खेळांच्या संदर्भात पट्टा म्हणजे लांब, लवचिक पात्याची तलवार, आणि पारंपरिक तिरंदाजीचे माहितीपत्रक बहुधा त्याच मंडळींच्या हाती पडेल.

तिसऱ्या शब्दाचा निवाडा सोपा आहे. मराठीत ‘रक्षक’ बहुतेक वेळा माणूस असतो: सुरक्षारक्षक, अंगरक्षक. अंगावर घालायच्या वस्तूसाठी आपल्याकडे ‘त्राण’ रुळलेले आहे, शिरस्त्राण आणि पादत्राण. पादत्राणे शिवणाऱ्या हातांनीच अंगुलित्राण शिवले जाते, तेव्हा दोन्ही शब्द एका पंक्तीत बसणे उचितच आहे, आणि येथे जुना शब्द आजच्या कानालाही खटकत नाही. फक्त एक भेद पाळावा. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांनी दोरी ओढणाऱ्यांच्या बोटांवरचे सपाट कातडे म्हणजे अंगुलित्राण. तुर्की, मंगोल, कोरियन आणि आपल्याकडील मुघल पद्धतीत दोरी अंगठ्याने ओढतात आणि त्यासाठी अंगठ्यात कडे घालतात; ते कातड्याचे, शिंगाचे, हाडाचे किंवा दगडाचे असते. त्याला शिंप्याच्या टोपणाचे, फारसीतून आलेले ‘अंगुस्तान’ हे नाव मला योग्य वाटते. बोट वाचवण्याचे काम दोन्हींचे एकच आहे आणि जुन्या शिंप्यांना हा शब्द अजून ठाऊक आहे.

प्रत्यंचेबद्दल थोडक्यात. शब्द चुकीचा नाही, लेखनात तो खुशाल वापरावा, पण सरावाच्या वेळी ‘दोरी’ पुरेशी आहे: दोरी चढवणे, दोरी ओढणे, बाण सोडणे. ‘बाण मारणे’ हे नेम लागण्याविषयी आहे, सुटण्याविषयी नव्हे, हा फरक शिकवताना अवश्य सांभाळावा. संस्कृतातील ‘ज्या’ आणि ‘जीवा’ ही दोरीचीच नावे आहेत, आणि मराठी शाळेत भूमिती शिकलेल्या प्रत्येकाने वर्तुळाची जीवा काढलेली असते: वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची दोन टोके जोडणारी रेघ म्हणजे त्याची दोरी. ‘सज्ज’ हा शब्दही कोशांत ‘सज्य’वरून, म्हणजे ज्येसहित असलेला या अर्थावरून दिलेला आहे, दोरी चढवलेले धनुष्य ते सज्ज धनुष्य, आणि रामरक्षेतील ‘आत्तसज्जधनुषौ’ मध्ये तो याच अर्थाने येतो.

माहितीपत्रकातील मजकूर म्हणून मी असे लिहीन: ‘म्हशीच्या कमावलेल्या कातड्याचा, हाताने शिवलेला भाता, पाठीवर अथवा कमरेला बांधता येईल असा. डाव्या हातासाठी हातपट्टा, वादीने आवळायचा, गुळगुळीत बाजू बाहेर. तीन बोटांचे अंगुलित्राण. अंगठ्याने दोरी ओढणाऱ्यांसाठी कातडी अंगुस्तान मापाने शिवून मिळेल.’ डावखुऱ्या तिरंदाजाला हातपट्टा उजव्या हातावर लागतो, तेव्हा ‘मागणी नोंदवताना हात कळवावा’ एवढे एक वाक्य त्यात आणखी घालावे.