आंब्यावरचं ऑर्किड: व्हांडा टेसेलाटा की व्हांडा टेस्टेशिया?

आंब्यावरच्या पिवळट फुलांच्या ऑर्किडचा फोटो पाहून तुम्ही ते व्हांडा टेस्टेशिया ठरवलंत; टेसेलाटा आणि टेस्टेशिया या व्हांडा गटातल्याच दोन जाती. नागपूरकडे आंब्या-मोहाच्या खोडावर उन्हाळ्यात फुलणारं असं ऑर्किड बहुतेकदा व्हांडा टेसेलाटाच असतं. पण "फूल पिवळट आहे, म्हणजे टेस्टेशिया" हा तुमचा तर्क चुकतो. टेसेलाटाची फुलं पिवळट-हिरव्यापासून तपकिरीपर्यंत कशीही असतात, आणि कडक उन्हातल्या मोबाइल फोटोत तर रंग हमखास फिका येतो.

आधी आकार बघा. टेसेलाटाचं फूल ४ ते ५ सेंमी रुंद, टेस्टेशियाचं जेमतेम २ सेंमी. म्हणून फोटोत फुलाशेजारी पट्टी धरायचीच. मग फूल मागून पाहा: टेसेलाटाच्या पाकळ्यांची पाठ पांढरी असते, समोरून चौकटीसारखी तपकिरी जाळी. शेवटी बाजूनं ओठाखालची (ओठ म्हणजे फुलाची खालची, वेगळ्या आकाराची पाकळी) सोंड, म्हणजे मागे निघालेली पोकळ नळी बघा. टेसेलाटात ती आखूड, शंकूसारखी. टेस्टेशियात बारीक आणि लांबट. ओठ दोन्हींत निळसर-जांभळा असू शकतो, त्यावर विसंबू नका. पानांवरून तर मुळीच ठरवू नका. दोन्हींची पट्ट्यासारखी, टोकाला कुरतडल्यागत.

नावांचा घोळ वेगळाच. जुन्या पुस्तकातलं व्हांडा रॉक्सबर्घाय म्हणजे आजचं टेसेलाटा, आणि व्हांडा पार्व्हिफ्लोरा म्हणजे टेस्टेशिया. त्या दोन नव्या जाती समजून नोंदवू नका.

फुलं नसतील, नुसत्या शेंगा असतील, तर "व्हांडा, जात अनिश्चित" एवढंच लिहा. आणि ओळखीसाठी रोप खोडावरून ओरबाडू नका. समोरून, बाजूनं, मागून असे तीन फोटो पुरतात.