शटर ओढलं, पण कंपनी अजून जिवंत आहे

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात परिस्थिती अशी: तुम्ही आणि तुमचे मित्र, दोघेच संचालक. छपाईची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये थांबली, जीएसटी नोंदणी १ एप्रिल २०२४ पासून रद्द झाली आणि पुढे कुणी कशाकडे पाहिलं नाही. खात्यात ७० हजार आहेत. आयकराचा ४२ हजारांचा परतावा अडकलाय. तुम्ही पदरचे सहा लाख कंपनीला कर्जाऊ दिलेत. सीए सगळं निस्तरायचा खर्च, त्यांची फी धरून, अडीच लाखांच्या वर सांगतात. मित्र म्हणतात, खात्यातले पैसे निम्मेनिम्मे घेऊ आणि कंपनी पडू दे तशीच. आणि तुम्हाला विचारायचंय की एफडी मोडून हे पैसे घालावेत का.

घालावेत. पण सगळे तुम्ही एकट्याने नाही.

आधी ‘पडू दे तशीच’चा हिशेब. कंपनी निबंधकाकडे २०२३-२४ चा ताळेबंद (एओसी-४) आणि वार्षिक विवरण (एमजीटी-७ए) गेलेलं नाही. उशिराचं शुल्क एका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, म्हणजे तुमचे रोज दोनशे जातात आणि वर्षाला ७३ हजार. आजवर सुमारे पाचशे दिवस झालेत, आकडा लाखाच्या घरात गेलाय. २०२० मध्ये सरकारने एका योजनेत हे जादा शुल्क माफ केलं होतं. फॉर्म भरायच्या आधी तशी काही सवलत चालू आहे का हे सीएंना जरूर विचारा, मात्र ती येईल या आशेवर बसू नका.

तुमच्या बाजूची एक गोष्ट सीएंच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तुम्ही स्वतःहून निबंधकाच्या नोंदीतून कंपनीचं नाव काढायचा, म्हणजे ती कायमची बंद करायचा अर्ज करता तेव्हा, ज्या आर्थिक वर्षात धंदा थांबला त्या वर्षाअखेरपर्यंतचीच विवरणं भरलेली असावी लागतात. तुमचा धंदा २०२३-२४ मध्येच थांबला, त्यामुळे २०२४-२५ चे फॉर्म भरण्याची गरज अर्जापुरती तरी नाही. हे निबंधकाची नोटीस येण्याआधीचं. त्यांनी आपणहून कारवाई सुरू केली की ही मोकळीक उरत नाही. शिवाय लागोपाठची दोन आर्थिक वर्षं व्यवहार नसावा लागतो, तीही ३१ मार्च २०२६ ला पूर्ण होतात. म्हणजे एप्रिलपासून वाट मोकळी आहे.

तुमच्या मित्रांना मात्र वेगळंच सांगायला हवं. सलग तीन वर्षं विवरणं दिली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि बाकीच्या कंपन्यांमधलं त्यांचं संचालकपदही जातं. त्यांनी नवी कंपनी काढलीय असं तुम्ही लिहिलंय. तिसरं वर्ष ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२६ मध्ये भरतंय. खर्चाची वाटणी ठरवायला बसाल तेव्हा हा मुद्दा टेबलावर ठेवा.

आता देणी. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती टीडीएसची. कामगारांच्या आणि कंत्राटदारांच्या पैशातून १८ हजार कापले आणि भरले नाहीत, हे सरकारच्या दृष्टीने तुमचे पैसे नव्हतेच. त्यावर महिन्याला दीड टक्का व्याज, सुमारे ८ हजार झालं. विवरण उशिरा दिल्याचं शुल्क दिवसाला २०० रुपये, पण कापलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही, म्हणजे १८ हजारांवर थांबेल. एकूण ४४ हजार धरा. हे या आठवड्यात भरा, बाकीचं नंतर.

जीएसटी रद्द झाला म्हणजे संपला असं नाही. अंतिम विवरण, जीएसटीआर-१०, तीन महिन्यांत द्यायचं होतं. तुमचं मशीन एप्रिल २०२१ मध्ये घेतलेलं, त्यावर ९० हजारांचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) वापरलंय. कायदा मशीनचं आयुष्य साठ महिने धरतो. छत्तीस महिने वापरलंत, चोवीस उरले, म्हणून ९० हजारांचे दोन पंचमांश, ३६ हजार परत करायचे. मशीनच्या विक्री किमतीवरचा कर याहून जास्त निघाला तर तो भरायचा. वर सुमारे दोन वर्षांचं १८ टक्क्यांनी व्याज, तेरा हजारांच्या आसपास. मशीन गोदामात धूळ खात असेल तर मिळेल त्या भावाला काढा. पैसे मात्र कंपनीच्या खात्यातच येऊ द्या, कारण अर्जासोबतच्या हिशेबपत्रकात मालमत्ता आणि देणी दोन्ही शून्य दिसायला हवीत.

खात्यातले ७० हजार निम्मेनिम्मे घ्यायचे नाहीत. बाहेरची देणी आधी, मग तुमचं कर्ज, आणि काही उरलंच तर भागधारक. इथे तुमच्या कर्जापर्यंतही काही पोहोचणार नाही. ते सहा लाख लेखी पत्राने सोडून द्यावे लागतील. त्याचा कंपनीच्या करावर काही परिणाम होतो का ते सीए तपासतील. कंपनीचा तोटा तुमच्या पगारातून वजा करता येत नाही, हे कडू आहे पण खरं आहे.

कंपनीचे शेअर दुसऱ्याच्या नावावर करून मोकळे व्हा, हा एजंटचा प्रस्ताव कानाआड करा. तसं केलं तरी तुमच्या काळातला थकलेला कर तुमच्या मागे येऊ शकतो, आणि नव्या मालकाने कंपनीच्या नावावर काय केलं याची उत्तरं द्यायलाही आधी तुम्हालाच बोलावतील. ‘सुप्त कंपनी’चा दर्जा, म्हणजे धंदा थांबवून कंपनी नोंदणीत ठेवणं, हे पुन्हा धंदा करायचा असेल त्यांच्यासाठी. तुमचा तसा विचार दिसत नाही.

एकूण: टीडीएस ४४ हजार, जीएसटी ४९ हजार, निबंधकाचं शुल्क सुमारे एक लाख, नाव काढायच्या अर्जाची (एसटीके-२) फी १० हजार, सीएंचे ६० हजार. खात्यातले आणि परताव्याचे मिळून १ लाख १२ हजार वजा केले की दीड लाख उरतात. दोघांत वाटले की प्रत्येकी ७५ हजार. तुमची एफडी तीन लाखांची आहे. तेवढं काढून सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहत असेल तर खुशाल काढा. राहत नसेल तर निबंधकाचे फॉर्म आणि टीडीएस आधी, जीएसटी पुढच्या दोन पगारांत. त्यासाठी पर्सनल लोन मात्र नको.

बँकेचं खातं सर्वांत शेवटी. लोक ते पहिल्यांदा बंद करतात आणि मग परतावा यायला जागाच राहत नाही. तुमचा परतावा खातं आयकर पोर्टलवर व्हॅलिडेट (पडताळलेलं) नसल्याने अडकलाय, आधी ते करून परतावा पुन्हा मागा. पैसे जमा झाले, देणी फिटली, व्यवसाय कर आणि गुमास्ता रद्द झाला, टॅन (टीडीएससाठीचा क्रमांक) परत केला, मग खातं बंद केल्याचं बँकेचं पत्र घ्या. सीएने प्रमाणित केलेलं हिशेबपत्रक अर्जाच्या तारखेआधी तीस दिवसांपेक्षा जुनं चालत नाही, तेव्हा ते अगदी अखेरीस.

अर्ज केल्यावर जाहीर नोटीस निघते, हरकतींना तीस दिवस असतात. नाव निघाल्यानंतरही संचालकांची जबाबदारी संपत नाही, आणि एखादा सावकार किंवा पुरवठादार वीस वर्षांपर्यंत कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाऊन कंपनी पुन्हा उभी करायला सांगू शकतो. म्हणून कागदाच्या ज्या पुरवठादाराशी तुमचा वाद आहे त्याच्याकडून ‘काही येणं नाही’ असं लिहून घ्या, थोडे पैसे सोडावे लागले तरी. जीएसटीचे कागद सहा वर्षं आणि कंपनीची हिशेबाची वही आठ वर्षं जपून ठेवा. मित्रांकडे नको, तुमच्याकडेच.